विचारा की! : उघड्यावरच्या बर्फाची वाट बघणाऱ्यांसाठी

मागच्या अंकात जागा उरली म्हणून कोपऱ्यात उघड्या मैदानावरच्या आइस हॉकीबद्दल चार ओळी टाकल्या होत्या, आणि खरं सांगतो, कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. सांगली-साताऱ्याकडं बर्फ म्हणजे उसाच्या रसात आणि लग्नात सरबतात, तिथं बर्फावरची हॉकी कोण विचारणार! पण एवढे प्रश्न आले की या वेळी क्रिकेट-कबड्डी सगळं बाजूला ठेवलंय. ज्यांनी मागचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक आइस हॉकी लीग. मॅचेस एरवी बंद हॉलमध्ये होतात, पण वर्षातून मोजक्या वेळा फुटबॉलच्या नाहीतर बेसबॉलच्या मोठ्या उघड्या स्टेडियममध्ये बर्फ तयार करून खेळतात. त्यातली नववर्षाच्या आसपासची मॅच म्हणजे विंटर क्लासिक. चला, पत्रं बघू.

दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, विश्रामबागला रूम करून राहतो. युट्यूबवर बघून बघून आइस हॉकीचा नाद लागला. विंटर क्लासिकची मी महिना-महिना आधीपासून वाट बघतो, जर्सीचे फोटो आले की सेव्ह करतो, मैदानात बर्फ टाकायला सुरुवात झाली की रोज व्हिडिओ बघतो. रूममेट म्हणतात तुला यातलं काय कळतं, ना तू कधी बर्फ बघितला ना स्केट. आई म्हणते परीक्षेची एवढी वाट बघ. आणि खरं म्हणजे मॅच सुरू झाली की मला तेवढी मजा येत नाही जेवढी आधी येते. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाही भावा. तुझ्या रूममेटांना विचार, कुस्तीच्या मैदानाचा फ्लेक्स एसटी स्टँडसमोर लागला की महिनाभर चहाच्या गाड्यावर काय चालतं. मेन जोड कुणाची, कोण सध्या कुठल्या तालमीत मेहनत करतोय, कुणाचा गुडघा दुखतोय, गेल्या खेपेला पंचांनी काय घोळ घातला. कुंडलच्या मैदानाला जाणारी माणसं दुपारपासून उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून बसतात आणि मेन कुस्ती कधीकधी दोन मिनिटात निकाली होते. मग ती माणसं फसली का? नाही. त्यांची कुस्ती फ्लेक्स लागला तेव्हाच सुरू झालेली असते.

आता माझंच सांगतो. १ जानेवारी २०११, पिट्सबर्गला तिथलीच पेंग्विन्स विरुद्ध वॉशिंग्टनची कॅपिटल्स. एकीकडं सिडनी क्रॉसबी, दुसरीकडं अलेक्झांडर ओव्हेचकिन, त्या वेळी याहून मोठी जोड नव्हती. मॅच तिकडं दुपारी एकला म्हणजे आपल्याकडं रात्री साडेअकराला. मी जेवून, दूध पिऊन, कॉम्प्युटरसमोर ब्लँकेट घेऊन बसलो, स्कोअरचं पान उघडून दर दोन मिनिटाला रिफ्रेश करतोय, काही हलेचना, बारा वाजले, साडेबारा वाजले, मला वाटलं नेट गेलं, मॉडेम बंद करून चालू केला, शेवटी न्यू जर्सीतल्या मावसभावाला फोन लावला तर तो हसायलाच लागला. म्हणे पावसामुळं मॅच रात्री आठला ढकललीय, कालच जाहीर झालं, तू झोप. रात्री आठ म्हणजे आपली रविवारची सकाळ, साडेसहा. झोप तर येईना. पहाटे उठून परत बसलो, बायको उठली तिला वाटलं कुणी आजारी आहे. कॅपिटल्सनी ३-१ नं जिंकली. मी तर आकडे बदलताना बघितले फक्त, एकही गोल डोळ्यांनी नाही.

पण गंमत पुढं आहे. या मॅचच्या आधी एचबीओ या अमेरिकन चॅनेलनं दोन्ही टीमच्या मागं कॅमेरे लावून चार भागांची मालिका केली होती, डिसेंबरच्या मध्यापासून दर आठवड्याला एक भाग. भाऊ एप्रिलमध्ये गावी आला तेव्हा ते पेनड्राइव्हवर घेऊन आला. निकाल मला माहीत, कोण गोल मारणार माहीत, पाऊस पडणार तेसुद्धा माहीत. तरी शेवटचा भाग लावला आणि मॅचच्या आदल्या दिवशीचा तो पाऊस दिसायला लागल्यावर माझ्या पोटात गोळा, की आता मॅच होते का नाही! शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, अरे झालीय ती. तेव्हा मला कळलं की वाट बघणं आणि निकाल यांचा संबंध आपण समजतो तेवढा नाही. वाट बघण्याला स्वतःचीच एक चव असते, आणि ती तुला लागलीय एवढंच. मॅच सुरू झाल्यावर मजा कमी होते म्हणतोस, त्याचं कारण साधं असेल, तुला खेळ अजून वाचता येत नाही. ते पुढं एका उत्तरात आहे. आणि परीक्षेचं आई बरोबर बोलतेय, तिथं मी तुझ्या बाजूनं नाही.

नमस्कार. मी तासगाव भागात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर ऑपरेटर आहे, बावीस वर्षं झाली. आमच्याकडं बंद खोली, जाड इन्सुलेशन, तरी दरवाजा दहा मिनिटं उघडा राहिला तर कॉम्प्रेसर ओरडतो. उघड्या मैदानावर, वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, आणि बर्फ टिकतो? माझा पोरगा म्हणाला मायामीला पण झाली मॅच. मला पटत नाही. यंत्रणा काय असते ते सांगा, उगा वरवरचं नको.

तुम्ही विचारलंत हे बरं झालं, कारण हे खरं तुमच्यासारख्यालाच सांगण्यात मजा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ते हवा थंड करत नाहीत. तुम्ही खोली थंड करता, ते फक्त जमीन थंड करतात. बर्फाच्या कारखान्यातली लादी आठवा, पाण्याचे डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले असतात, मिठाचं पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही आणि डब्यातलं पाणी मात्र गोठतं. इथं मिठाच्या पाण्याच्या जागी ग्लायकॉल. मैदानावर आधी सपाट प्लॅटफॉर्म करतात, त्यावर आतून पोकळ ॲल्युमिनियमचे पॅनेल शेजारी शेजारी जोडतात, पूर्ण २०० फूट बाय ८५ फूट. स्टेडियमच्या बाहेर एक भलामोठा ट्रेलर उभा असतो, त्यातच सगळा रेफ्रिजरेशन प्लांट. तिथून थंड ग्लायकॉल पाइपनं पॅनेलमध्ये जातं, फिरून उष्णता घेऊन परत ट्रकमध्ये येतं. सायकल तीच तुमची, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, सगळं.

मग पाणी. इथं घाई केली की वाट लागते. पाइप धरून बदाबदा पाणी ओतलं तर बर्फ ठिसूळ होतो, हवेचे बुडबुडे राहतात. त्यामुळं धुक्यासारखा फवारा मारतात, तो गोठला की परत फवारा, परत गोठू द्यायचं, असे थरावर थर, दिवसरात्र शिफ्टमध्ये. मधेच पांढरा रंग फवारतात, नाहीतर बर्फ करडा दिसतो आणि काळी चकती, म्हणजे पक, दिसणार नाही. मग लाल-निळ्या रेषा, मग परत वरून थर. हॉलमधला बर्फ इंच-सव्वा इंच असतो, उघड्यावर दोन इंचाच्या आसपास ठेवतात. बर्फाचं तापमान साधारण उणे साडेपाच. बर्फात सेन्सर पुरलेले असतात. डॅन क्रेग नावाचा माणूस कितीतरी वर्षं लीगच्या बर्फाचा कारभारी होता, पडद्यामागच्या व्हिडिओत तो सतत वाकून बर्फाला हात लावताना दिसायचा. आपल्याकडं जुना वस्ताद तालमीतली माती मुठीत घेऊन बघतो ना, ओल किती आहे, अजून ताक पाहिजे का तेल, हळद पुरेशी पडली का, तसं. सेन्सर काहीही म्हणोत, हात लावल्याशिवाय पटत नाही या लोकांना.

आता तुमचा खरा प्रश्न, टिकतो कसा. हवा गरम असली तरी खालून ओढून घ्यायची ताकद जास्त असेल तर बर्फ टिकतो, वीज आणि डिझेल जळतं एवढंच. खरा शत्रू हवा नाही, ऊन आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लेक टाहोच्या काठावर मॅच ठेवली होती, डोंगरात, थंडी चांगली, देखावा तर विचारू नका. पण आकाशात ढगाचा पत्ता नाही आणि ऊन थेट बर्फावर. पहिला पिरियड, म्हणजे मॅचच्या तीन भागांतला पहिला, झाला तोवर बर्फात खड्डे पडायला लागले, खेळाडू अडखळून पडायला लागले, मॅच थांबवली आणि आठ तासांहून जास्त वेळानं रात्री अंधारात पुढची खेळवली. म्हणून उन्हाच्या गावात दिवसा बर्फावर चमकदार इन्सुलेटेड कव्हर टाकून ठेवतात, काम रात्री करतात आणि मॅचसुद्धा रात्री. २०१४ ला लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये असंच केलं. मायामीत, २ जानेवारी २०२६ ला, तर स्टेडियमला सरकतं छप्पर आहे, ते बंद ठेवून बर्फ तयार केला आणि मॅचला उघडलं. तुमच्या पोराचं बरोबर होतं, पण तुमची शंकाही बरोबर होती, दार उघडायच्या आधी त्यांनी खोली बंदच ठेवली होती!

आणि एक उलटा किस्सा, तुम्हाला आवडेल. १ जानेवारी २०२२, मिनियापोलिस, मॅचच्या वेळी थंडी उणे वीसच्याही खाली. तेव्हा त्या ट्रकनं बर्फ थंड नाही केला, उलट थोडा ऊबदार ठेवावा लागला, कारण फार गार झाला की बर्फ कडक होऊन त्याच्या कपच्या उडतात. बाहेरच्या टीमची, सेंट लुईस ब्लूजची, पोरं त्या थंडीत स्टेडियमवर आली ती बीचवर निघाल्यासारखी हाफ चड्डी आणि चपला घालून. मॅच जिंकली पण त्यांनीच, ६-४ नं.

दोन एनएचएल टीम उघड्यावर भिडल्या तो सगळ्यात आधीचा प्रयोग मात्र लास वेगासला, सप्टेंबर १९९१, हॉटेलच्या पार्किंगमध्ये, सराव सामना. बर्फ टिकला. पण दिव्यांच्या उजेडाला नाकतोडे आले आणि बर्फावर पडून चिकटले. बेदाण्याच्या शेडवर रात्री किडे येतात तेव्हा आठवा.

मी कराडची, गृहिणी. मुलगा आणि मिस्टर हे सामने बघतात, मला खेळात रस नाही पण त्याआधी ते जे दाखवतात ना, ड्रेसिंग रूममधलं, घरचं, बसमधलं, ते मी जेवण टाकून बघते. मिस्टर म्हणतात ते सगळं नाटक असतं, आपल्या रिअ‍ॅलिटी शोसारखं लिहून दिलेलं. खरंच का? खरं असेल तर एवढ्या शिव्या का देतात?

ताई, मिस्टर अर्धे बरोबर आहेत, पण अर्धेच. आधी हे सांगतो की तुम्ही मागच्या दारानं खेळात शिरलात याची लाज बाळगू नका. आपल्या भागाला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं तेव्हापासून आपल्या लोकांना रंगपटात डोकवायची खोड आहे. नाटक बघायचं ते बघायचंच, पण मध्यंतरात कडेनं आत जाऊन नट चहा कसा पितो तेही बघायचं.

संवाद लिहून दिलेले नसतात. २०१० च्या त्या मालिकेचंच उदाहरण घ्या. कॅमेरे आत गेले आणि त्याच महिन्यात वॉशिंग्टनची टीम ओळीनं आठ मॅच हरली. असं कुणी लेखक लिहून देईल का? त्यांचे कोच ब्रूस बुद्रो, गोल गरगरीत, तोंडावरून एकदम आपल्या गल्लीतले काका, आणि दोन पिरियडच्या मधल्या ब्रेकमध्ये ड्रेसिंग रूममध्ये येऊन पोरांना असं काही झापलं की वाक्यात शिव्या आहेत का शिव्यांत वाक्य आहे ते कळेना. खेळाडू खाली मान घालून बुटाच्या नाड्या बघतायत. ते खोटं नाही हो. ज्यानं तालमीत सकाळी पाचला वस्तादाचा मार खाल्लाय त्याला विचारा. आणि दुसरीकडं पिट्सबर्ग तेव्हा सलग बारा मॅच जिंकून आलेली, तिकडं नुसती चेष्टामस्करी. हे दोन तुकडे आलटून पालटून दाखवले की झाली गोष्ट.

खोटं नसतं, पण निवडलेलं असतं. शेकड्यानं तास शूट होतं आणि तुम्हाला एक तास दिसतो. गप्प बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून सूर सोडला की तो दुःखी वाटतो, कदाचित त्याला फक्त भूक लागलेली असेल. आणि लीग, टीम यांनी दार उघडल्याशिवाय कॅमेरा आत जात नाही, त्यामुळं त्यांना नको ते सहसा दिसत नाही. पगाराची घासाघीस, दुखापतीचं खरं कारण. हॉकीवाले दुखापत तर इतकी लपवतात की बाहेर फक्त 'शरीराच्या वरच्या भागात' नाहीतर 'खालच्या भागात' एवढंच सांगतात, म्हणजे समोरच्यानं नेमकं तिथंच मारू नये.

याचं एक फार लागलेलं उदाहरण. त्या २०११ च्या मॅचमध्ये दुसऱ्या पिरियडच्या शेवटाला क्रॉसबीच्या डोक्याला समोरच्याचा धक्का लागला. तो वाकून, हळूहळू बेंचकडं गेला, आणि तिसऱ्या पिरियडला परत खेळला. चार दिवसांनी दुसऱ्या मॅचमध्ये परत लागलं. मग जगातला सगळ्यात भारी खेळाडू बाहेर, थेट २१ नोव्हेंबर २०११ पर्यंत. मालिका चालू होती तेव्हा बनवणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं. मी मात्र एप्रिलमध्ये बघत होतो, तोपर्यंत तो घरीच बसलेला. त्यामुळं आधीच्या भागात तो हसत हसत स्टिकला टेप गुंडाळताना दिसला, गुंडाळून झाल्यावर अंगठ्यानं दाबून दाबून बसवतोय, तर ते साधं दृश्य मला बघवेना. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, ते तसं झालं.

शिव्यांचं म्हणाल तर मुलगा शेजारी असेल तेव्हा आवाज कमी करा. पुढं पुढं इतर चॅनेलांनी, लीगनं स्वतः असे कार्यक्रम केले, ते जरा सोवळे आहेत. मला विचाराल तर शिव्यांसकट असलेलंच बरं होतं. माणूस दिसायचा.

पक कुठं जातो तेच दिसत नाही. गोल झाला की लाल दिवा लागतो तेव्हा कळतं. काही युक्ती? (मिरज)

पकच्या मागं लागू नका. तीन इंच व्यासाची, एक इंच जाड रबराची चकती ती, वर फ्रीझरमध्ये गोठवलेली, म्हणजे टप्पा खाऊन उडू नये. ती डोळ्यांनी धरता येत नाही. माणसं बघा, खांदे कुणाकडं वळले ते बघा. एका वेळी गोली, म्हणजे गोलकीपर, धरून एका टीमचे सहा जण बर्फावर, आणि जेमतेम पाऊण-एक मिनिट पळून बदलतात, खेळ चालू असतानाच, विटी-दांडूत डाव मोडतो तसं थांबून नाही. आधी फक्त हे बदलणं बघायला शिका, कोण दमून कुंपणाकडं निघाला आणि कोण फळीवरून उडी मारून आत आला. चार मॅचमध्ये पक आपोआप दिसायला लागतो. विश्रामबागच्या भावा, हे तुलापण.

उघड्यावर वारा एकाच बाजूनं असला, किंवा ऊन एकाच गोलीच्या डोळ्यावर, मग हा अन्याय नाही का? (इस्लामपूर)

आहे, म्हणून वारा-ऊन फारच एका बाजूला असलं तर तिसऱ्या पिरियडच्या बरोबर मध्यावर, दहा मिनिटं उरली की बाजू बदलतात. हॉलमध्ये असं नसतं. उन्हासाठी खेळाडू डोळ्यांखाली काळं फासतात. पाऊस पडला तर पुढं ढकलतात, कारण बर्फावर पाण्याचा थर साचला की चकती चिखलात रुतल्यासारखी अडते. बर्फ पडला तर सहसा खेळतात! १ जानेवारी २००८ ची पहिली विंटर क्लासिक बफेलोजवळ, ७१,२१७ लोक, वरून सतत हिमवर्षाव, सारखं थांबून बर्फ साफ करायचे, शेवटी शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावर एकेकट्यानं गोलीसमोर जायच्या फेरीत, क्रॉसबीनं संपवली. तो फोटो बघितला की आमच्यासारखे बिघडतात.

हे सगळं मार्केटिंग आहे. दोन गुणांची साधी लीग मॅच, तिला एवढा साज कशाला? आपली हॉकी बघा, ध्यानचंद, धनराज पिल्ले. (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, मार्केटिंग आहेच. नवीन जर्सी, टोप्या, सगळं विकायलाच असतं, आणि दोन गुणांचंही तुमचं खरं. पण २०१४ ला मिशिगनच्या स्टेडियममध्ये डेट्रॉइट-टोरांटो बघायला १,०५,४९१ माणसं बर्फ पडत असताना बसली, टोरांटो शूटआउटमध्ये ३-२ नं जिंकेपर्यंत. घरात हीटर सोडून एवढी माणसं नुसत्या जाहिरातीनं येत नाहीत. लहानपणी गोठलेल्या तळ्यावर खेळलेली ती पिढी, त्यांना उघडं आकाश बघायचं असतं. २००३ ला एडमंटनला उणे अठराच्या आसपास पहिली लीग मॅच उघड्यावर झाली तेव्हा मॉन्ट्रियलच्या गोलीनं हेल्मेटवरून लोकरीची टोपी घातली होती, अगदी आपल्या शेतावरच्या माणसासारखी. धनराजबद्दल वाद नाही, पुढचा अंक त्याच्यासाठी ठेवू, तुम्हीच लिहा की.

मी सातवीत आहे, साताऱ्यात रोलर स्केटिंग शिकते. मला बर्फावरची हॉकी खेळता येईल का? इथं बर्फ नाही. मॅच लाइव्ह बघायला आई उठू देत नाही.

येईल की! तोल सांभाळणं, वळणं, हे तुला आधीच येतंय. फरक असा की चाकांवर थांबायची सवय वेगळी आणि पात्यांवर वेगळी, तिथं पाय आडवा करून बर्फ खरवडत थांबतात, पहिले दोन दिवस फक्त पडायचं असतं. आपल्या देशात हा खेळ लडाखमध्ये घरोघरी आहे. लेहला करझू तळं गोठलं की त्यावरच हॉकी, तिथल्या पोरींना कुणी 'आउटडोअर मॅच' म्हणून वेगळं तिकीट लावत नाही. आणि आपल्या मुलींच्या टीमनं २०२५ ला यूएईत झालेल्या आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं, त्यात लडाखच्या कितीतरी मुली होत्या. त्यांचे व्हिडिओ शोध, एनएचएलच्या आधी ते बघ.

लाइव्हचं असं कर, शाळा असेल तर झोप. सकाळी उठल्यावर घरात कुणालाही स्कोअर सांगू देऊ नकोस, फोन आईकडं दे, आणि दप्तर भरून झाल्यावर हायलाइट्स लाव. आईला म्हणावं, दहा मिनिटांचेच आहेत. पंधरा असतात, पण तू दहा सांग.